रात्रगस्तीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला कोणती गाडी द्यावी?

घाटवाट

नमस्कार मंडळी. पोलीस दलात ३१ वर्षं गाडी चालवून मी २०१९ साली चालक सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. गेल्या आठवड्यात जुन्या ओळखीतल्या एका निरीक्षक साहेबांचा फोन आला. जिल्हा नियोजनाच्या निधीतून चार गाड्या यायच्या आहेत. रात्रगस्तीच्या पर्यवेक्षण अधिकाऱ्यांना त्या मिळणार आहेत आणि कोणती गाडी मागायची यावर अभिप्राय पाठवायचा आहे. "तुम्ही जन्मभर चालवलीत, तुम्हीच लिहून द्या," म्हणाले. वाटलं, तासाभरात लिहून होईल. चार दिवस झाले, वही उघडीच आहे. म्हणून इथे आलोय.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण सगळी गल्लत तिथेच होते. बीट मार्शलची मोटारसायकल वेगळी, पोलीस ठाण्याची मोबाईल गाडी वेगळी आणि देखरेखीची गाडी वेगळी. मोबाईल एका ठाण्याच्या हद्दीत फिरते. देखरेखीचे साहेब रात्री अकराला निघतात आणि चार-पाच ठाण्यांची हद्द पालथी घालतात. प्रत्येक ठाण्यात उतरून स्टेशन डायरी बघायची, लॉकअप बघायचं, गार्ड जागा आहे का बघायचं. नाकाबंदीवर जायचं. बँका, एटीएम, सराफ पेठ इथल्या भेटीच्या नोंदी झाल्यात का ते तपासायचं, हल्ली तिथे क्यूआर कोड असतात. मध्येच ११२ या मदत क्रमांकावर मोठा कॉल आला की तिकडे धावायचं आणि तिथे पोचल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडेच बघायचं. पहाटे पाचपर्यंत हेच.

म्हणजे ही गाडी चोरामागे पळायची नाही. रात्रीत किलोमीटर होतात, पण त्यातले बरेच वीस-पंचवीसच्या वेगाने. आणि पाळीचा मोठा भाग गाडी इंजिन चालू ठेवून उभी असते, कारण दिवा, वायरलेस सेट सगळं चालू लागतं. साहेब तिथेच लिहितात, तिथेच फोन करतात, तिथेच दोन घास खातात. ही गाडी म्हणजे रात्रभराचं कार्यालय आहे.

एक रात्र सांगतो. घाटात उसाच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली, असा कॉल. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पाऊस धो धो. आम्ही वळणावरून येत असताना समोर अचानक माणसं हात करत रस्त्यात आली. मी करकचून ब्रेक मारला. मागच्या आडव्या बाकावर बसलेला आमचा हवालदार पुढच्या सीटच्या लोखंडावर आदळला. पट्टा नव्हताच, आडव्या बाकाला कुठला पट्टा? कपाळाला सात टाके पडले. गाडी कोणती ते मी सांगत नाही. त्या काळी बहुतेक गाड्यांत बैठक तशीच असायची. आणि त्याच रात्री साहेब बॉनेटवर कागद ठेवून, दातात टॉर्च धरून नोंदी करत होते. कागद भिजून लगदा झाला. पुढे कोर्टात त्या वेळा जुळवताना किती त्रास झाला ते मी पाहिलंय.

तेव्हापासून मला वाटतं, गाडी निवडताना पहिला प्रश्न "किती पळते" हा नसावा. मागे बसलेला माणूस सरळ, पुढे तोंड करून, पट्टा लावून बसतो का, आणि साहेबांना कोरड्यात लिहिता येतं का, हे आधी विचारावं.

समोर नावं नेहमीचीच आहेत: बोलेरो, बोलेरो निओ, स्कॉर्पिओ, एर्टिगा. आमचा जिल्हा असा की निम्मा भाग घाट आणि वाड्यावस्त्यांचा, निम्मा जुन्या बाजारपेठांचा. ज्यांनी अशी पाळी केलीय, गाड्या दुरुस्त केल्यात किंवा खरेदीचं काम पाहिलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

डिझेलमेस्त्री

काका, तुम्ही उभ्या गाडीचं लिहिलंत, मी तिथूनच सुरू करतो. माझं गॅरेज आहे आणि सरकारी गाड्यांची कामं मी बरीच केलीत.

१ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला. त्याआधीचं डिझेल इंजिन रात्रभर उभं घरघरत ठेवलं तर फार तर डिझेल जायचं. आता डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती जाळी भरली की गाडी आपणच ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी एक्झॉस्टला चांगलीच उष्णता लागते, सहाशे अंशांच्या घरात. ती कधी मिळते? गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या चांगल्या वेगाने चालली तर. गस्तीची गाडी वीसने फिरते, थांबते, परत वीसने फिरते. जाळी भरत जाते, जळत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, ड्रायव्हर म्हणतो सकाळी बघू. सकाळी दुसरा ड्रायव्हर. तिसऱ्या दिवशी गाडी ताकद टाकते आणि टोचनवर माझ्याकडे येते.

हे कुठल्या एका कंपनीचं नाही, वापराचं दुखणं आहे. डिझेल घेणार असाल तर नियम करून टाका: आठवड्यातून दोनदा गाडी हायवेला नेऊन अर्धा तास खालच्या गिअरमध्ये, इंजिन जरा चढं ठेवून चालवायची आणि लॉगबुकात तशी नोंद करायची. नोंद नसेल तर वरचे विचारतात डिझेल कुठे गेलं, म्हणून ड्रायव्हर जात नाही. हे मी स्वतः ऐकलंय.

शहरातच फिरणारी गाडी असेल तर सरळ पेट्रोल घ्या.

तिसरी पाळी

मी सध्या नोकरीत आहे, महिला अधिकारी, रात्रीचे राउंड करते. जागा सांगत नाही.

काका, तुमच्या दोन प्रश्नांत माझे आणखी काही मिळवा. कमरेला पिस्तूल असताना पट्ट्याचं बक्कल कुठे येतं, हे गाडी घेण्याआधी कुणी बघतं का? माझं होल्स्टर उजव्या बाजूला. डाव्या सीटवर बसले की बक्कलही उजवीकडे, म्हणजे दोन्ही एकाच जागी. अंधारात बक्कल शोधताना हात पिस्तुलावर जातो, म्हणून बरेच जण पट्टाच लावत नाहीत. सीट आणि मधल्या खोक्यात चार बोटं जागा जास्त असली तरी हा प्रश्न सुटतो. ज्या गाड्यांत मधलं खोकं रुंद आणि उंच आहे, त्यात हा त्रास जास्त.

दुसरं उंचीचं. माझी उंची पाच फूट दोन इंच. उंच गाडीतून रात्रीत तीस-चाळीस वेळा चढ-उतार करायची, बूट चिखलाचे, पायरी निसरडी. गुडघे बोलतात. उंच गाडी घ्या, पण बाजूला रुंद, खरखरीत पायरी आणि आत धरायला दांडी पाहिजेच. कुणी म्हणेल बारीक गोष्ट आहे. पहाटे चारला ती बारीक राहत नाही.

तिसरं, महिला आरोपी किंवा पीडितेला कधी कधी त्याच गाडीतून न्यावं लागतं. मधल्या सीटवर दोघींना नीट बसता आलं पाहिजे आणि मागच्या दाराचं आतलं कुलूप पुढून लावता आलं पाहिजे. पीडिता असेल तर तिला मागच्या बाकावर ढाली-काठ्यांच्या शेजारी बसवणं मला कधीच पटलेलं नाही.

डोंगरवस्ती

बोलेरोच्या बाजूने लिहितो. आमच्या वाडीला यायचा रस्ता पावसाळ्यात असा होतो की दूधगाडी सुद्धा फाट्यावर थांबते. पोलिसांची बोलेरो येते. चौकटीवर म्हणजे चॅसिसवर बांधलेली गाडी, मागच्या चाकांवर ताकद, १८० मिलिमीटरची उंची आणि मुख्य म्हणजे २१० न्यूटन मीटरचा ओढा तळाच्या वेगातच मिळतो. पंच्याहत्तर घोड्यांची ताकद कमी वाटते खरी, पण चढावर दुसऱ्या गिअरात ती हूं की चूं करत नाही.

आणि बंद पडली तर? तालुक्याच्या गावात तिचा पत्ता न कळणारा मेस्त्री सापडायचा नाही. क्लच प्लेट, पाटा, बूश सगळं दुकानात टांगलेलं असतं. भारी गाडीचा एक सेन्सर यायला आठवडा लागला तर तो आठवडा साहेब कशातून फिरणार?

घाटवाट

डोंगरवस्ती, तुमचं म्हणणं अनुभवाचं आहे आणि मला मान्य आहे. फक्त एक अडचण. बोलेरोला तिसऱ्या रांगेत आडवी बाकं आहेत, निओलाही. मी त्यावर इलाज असा लिहिणार आहे की मागची बाकं काढून टाकायची आणि तिथे सामानाची पेटी बसवायची. माणसं फक्त पुढच्या दोन रांगांत. साहेब, चालक, वायरलेस ऑपरेटर आणि एक-दोन अंमलदार, तेवढीच माणसं असतात. सात जणांना घेऊन देखरेख करायची गरजच नाही.

मेस्त्री, डीपीएफचं मला या तपशिलात माहीत नव्हतं. माझ्या शेवटच्या गाडीला ते नव्हतं. हे अभिप्रायात पहिल्या पानावर जाईल.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या गावच्या पोलिसांनी नागरिकांसाठी ठेवलेल्या वर्गात मी गेलो होतो आणि एका सार्जंटबरोबर रात्रपाळीत गाडीत बसलोही होतो. इथे देखरेख करणारा अधिकारी म्हणजे सार्जंट. शिपायांकडेही हल्ली एसयूव्हीच असतात, पण सार्जंटच्या गाडीची मागची बाजू वेगळी असते. मागचं दार वर उचललं की आत ओढून काढायचे खण. वरच्या खणावर पांढरी पाटी, तिच्यावर मार्करने घटनास्थळाचा नकाशा काढायचा, कोण कुठे उभा ते लिहायचं. खाली शंकू, पिवळी पट्टी, प्रथमोपचार, जादा रेडिओच्या बॅटऱ्या. उघडलेलं दार डोक्यावर छपरासारखं. तुमच्या साहेबांचा भिजलेला कागद वाचला आणि मला तेच आठवलं.

मेस्त्रींच्या मुद्द्यावर: इथे पूर्वी सगळीकडे फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया ही लांबट कार असायची. तिचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं. त्यानंतर फोर्डच्याच एक्स्प्लोरर या एसयूव्हीवर आधारलेली पोलीस गाडी आली आणि २०२० च्या मॉडेलपासून तिला हायब्रिड इंजिन हेच मूळ इंजिन झालं. कारण तेच, जे काकांनी लिहिलंय. पोलीस गाडी पाळीतला मोठा वेळ उभी असते. हायब्रिडमध्ये उभं असताना दिवे, रेडिओ, संगणक बॅटरीवर चालतात, इंजिन बंद राहतं, लागेल तेव्हा आपणच सुरू होतं. भारतातही आता मोठ्या हायब्रिड गाड्या मिळतात. किंमत हा प्रश्न आहे, पण दहा वर्षांचं इंधन मोजून तुलना करावी.

हिशेबनीस

सरकारी खरेदीत बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं कोरडं पण कामाचं.

अभिप्रायात "अमुक गाडी द्या" एवढंच लिहू नका. गरज लिहा आणि प्रत्येक गरजेपुढे कारण लिहा. खरेदी जेम पोर्टलवरून होईल, किमतीची मर्यादा ठरलेली असेल, तुमच्या हातात ना पोर्टल ना मर्यादा. पण "सर्व प्रवासी पुढे तोंड करून, तीन बिंदूंचा (खांदा-कमरेचा) पट्टा" असं लिहिलंत तर कुठलीही गाडी आली तरी ते मागता येतं.

सर्वात जास्त विसरली जाते ती वरची बसवणूक. दिवा, सायरन, ध्वनिक्षेपक, वायरलेस सेट, ११२ चा टॅब, कॅमेरा, सामानाची पेटी. गाडी येते आणि हे सगळं दुसऱ्या लेखाशीर्षातून यायचं असतं, म्हणून नवी कोरी गाडी मुख्यालयाच्या आवारात झाडाखाली उभी राहते. मागणी करतानाच बसवणुकीचा खर्च त्याच प्रस्तावात धरा.

आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते. म्हणजे आज घेतलेल्या गाडीचं आयुष्य कागदावर ठरलेलं आहे. गस्तीची गाडी त्याच्या कितीतरी आधी थकते. तिला किती किलोमीटरनंतर दुसऱ्या हलक्या कामाला लावायचं हेही लिहून ठेवा. नाहीतर थकलेली गाडी रात्रीच्या पाळीलाच शेवटपर्यंत राहते, कारण दिवसा साहेब लोकांना नवी लागते.

समृद्धीचा प्रवासी

हायवेचं वेगळं धरा एवढंच सांगायचं आहे. मी कामासाठी नागपूरहून समृद्धीने नेहमी येतो-जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२० ची मर्यादा. तिथे अपघाताच्या जागी आधी पोचलेल्या गाडीलाच मागून येणाऱ्या वाहनाचा धोका असतो. उंच, अरुंद, जुन्या बांधणीची गाडी १२० ला हलते आणि मागून धडक बसली तर आतल्या माणसाचं काय? ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. बोलेरो निओला २०२४ मध्ये एक. पोलिसांच्या जिवाची किंमत आपल्यापेक्षा कमी नाही. मला वाटतं, तारे हा निकष सगळ्यात वर पाहिजे.

गल्लीबोळ

तारे महत्त्वाचे, मान्य. पण स्कॉर्पिओ-एनची रुंदी १९१७ मिलिमीटर आहे. बोलेरोची १७४५, एर्टिगाची १७३५. आमच्या जुन्या पेठेत दोन्ही बाजूंना दुचाकी लावल्यावर मध्ये किती उरतं ते मी टेप घेऊन मोजलंय, कारण आमच्याकडे एकदा आग लागली तेव्हा बंब आत येऊ शकला नव्हता. रात्री एक वाजता भांडणाच्या कॉलला पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि साहेब तीनशे मीटर चालत आले, तर ती पाच ताऱ्यांची गाडी आमच्या काय कामाची?

शहरात एर्टिगाच बरी. पेट्रोल इंजिन, बसायला उंची कमी, सगळ्या सीट पुढे तोंड केलेल्या, वळायला सोपी. फक्त सीएनजी घेऊ नका. मागे टाकी बसली की सामानाला जागा उरत नाही आणि रात्री दोनला पंपावरच्या रांगेत पोलिसांनी उभं राहायचं का?

वायरलेसवाला

बिनतारी विभागात २६ वर्षं काम केलं. गाडी ठरवताना आमच्या विभागाला विचारत नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं.

उभ्या गाडीत इंजिन का चालू ठेवतात? बॅटरी बसेल या भीतीने. दिवा, सेट, टॅब, मोबाईलचे चार्जर सगळं एकाच बॅटरीवर. इंजिन बंद ठेवलं आणि पहाटे गाडी सुरूच झाली नाही, तर ढकलायला कोण? यावर साधा उपाय आहे: दुसरी बॅटरी. सेट आणि दिवा तिच्यावर, इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी. मग इंजिन निम्मा वेळ बंद ठेवता येतं. मेस्त्रींची काजळीही कमी, डिझेलही कमी आणि गाडीचा आवाजही नाही. ज्या वस्तीत गस्त घालायची तिथे गाडी दोन गल्ल्यांवरून ऐकू येत असेल तर चोर काय बसून राहणार आहे?

अँटेना छपराच्या मध्यावर बसली पाहिजे. दिव्याच्या पट्टीला खेटून बसवतात, मग खरखर येते आणि घाटात आधीच कमी असलेला संपर्क तुटतो.

आणि एक गोष्ट लिहितो, हात जोडून लिहितो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच क्वालिसमध्ये होते. तिघेही गेले. मागे बसलेल्यांपैकी अरुण जाधव तेवढे वाचले. हाताला गोळ्या लागलेल्या आणि अरुंद जागेत पडलेलं शस्त्र उचलता येत नव्हतं. अतिरेक्यांनी ती गाडी सोडल्यावर त्यांनी त्याच गाडीच्या वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला कळवलं. गाडीला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही, त्या प्रसंगाला कुठली साधी गाडी पुरली असती? पण तेव्हापासून मी दोन गोष्टी प्रत्येकाला सांगत आलो. सेटचा माईक मागच्या सीटवरून हात लांबवला की मिळाला पाहिजे. आणि मागे बसलेल्या माणसाला शस्त्रासह दार उघडून लगेच बाहेर पडता आलं पाहिजे. पुढची सीट पाडून वाट काढत नव्हे.

घाटवाट

वायरलेसवाला साहेब, तुमची पोस्ट वाचून थोडा वेळ उठून बसलो. माईकचं आणि दाराचं तुमच्याच शब्दांत लिहितो.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे पोलिसांच्या फिरत्या गाडीला सगळे रोबोट म्हणतात. "रोबोट बोलावला" असं सांगितलं की शेजाऱ्याला कळतं. गोव्यातले गावातले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मध्ये एक गाडी. समोरून बस आली तर कुणीतरी मागे घ्यायचीच. म्हणून मी गल्लीबोळ यांच्याशी सहमत आहे, रुंदी आधी मोजा. त्यात भर एवढीच की मागे घेताना दिसलं पाहिजे. मागचा कॅमेरा आणि मागच्या काचेला पाणी मारणारा वायपर. चार महिने पाऊस पडतो तिथे हा वायपर नसलेली गाडी रात्री आंधळीच असते. आणि खाऱ्या हवेत खालचा पत्रा वर्षभरात गंजतो, गंजरोधक थर पहिल्याच दिवशी मारून घ्या. कोकणातल्या ठाण्यांनाही हे लागू आहे.

विजेवर

राज्याचं विद्युत वाहन धोरण २०२१ सालीच आलं, तरी कुणीच विजेच्या गाडीचं नाव काढलं नाही. शहरातल्या देखरेखीला ती सगळ्यात योग्य आहे. रात्रीचा राउंड, दिवसभर मुख्यालयात उभी, म्हणजे चार्जिंगला आठ-दहा तास मोकळे. उभं राहिल्यावर काहीच जळत नाही, काजळीचा प्रश्न मुळातच नाही, आवाज नाही, दिवा आणि सेट मोठ्या बॅटरीवरून बारक्या बॅटरीला भरत आरामात चालतात.

तिसरी पाळी

विजेवर दादा, रोजच्या रात्रीपुरतं मला पटतं. पण देखरेखीची गाडी फक्त रोजच्या रात्रीसाठी नसते. गणपती विसर्जनाला मी सकाळी आठला गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले आहे. मध्ये गाडी सोडून चार्जिंगला जायला कुणी मोकळं नव्हतं. चारपैकी एखादी विजेची घेऊन बघायला हरकत नाही, पण ज्या अधिकाऱ्याकडे ती असेल त्याला बंदोबस्ताच्या दिवशी दुसरी गाडी मिळेल, हे आधी कागदावर आलं पाहिजे.

कठाणीकाठ

गडचिरोलीहून. तुमचे सगळे मुद्दे आमच्याकडे अर्धेच लागू होतात. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक गेले. आमच्या भागात त्या गाडीची आठवण अजून ताजी आहे. अशा भागात साहेबांनी कुठल्या गाडीतून जायचं, यापेक्षा गाडीतून जायचं की पायी, हे आधी ठरतं. म्हणून एक विनंती. राज्यभर एकच गाडी, असा अभिप्राय कुणी देऊ नये.

चालकाची लेक

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. माझे बाबा पोलीस चालक होते. तुम्ही सगळ्यांनी गाडीबद्दल लिहिलंत, साहेबांबद्दल लिहिलंत. चालकाबद्दल कमी लिहिलंत.

साहेबांची रात्रपाळी बदलते. चालक कमी असले की तोच चालक सकाळी दुसऱ्या साहेबांना कोर्टात नेतो. बाबा सलग दोन रात्री आणि एक दिवस गाडी चालवून घरी आले की जेवतानाच डोळे मिटायचे. पाठीचा त्रास त्यांना नोकरीतच सुरू झाला आणि आजही आहे. सीट पुढे-मागे होते, पण उंची बदलत नाही, कमरेला आधार नाही. साडेपाच फुटांचा चालक आणि सहा फुटांचा चालक एकाच गाडीत पाळी बदलतात. कृपा करून चालकाच्या सीटची उंची आणि कमरेचा आधार लिहा. आणि गाडीला दोन चालक नेमून द्या, असंही लिहा. चालक झोपेला आला तर पाच तारे काय करतील?

घाटवाट

लेकी, तुझी पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. ही म्हणाली, "हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं." खरं आहे. स्वतःच्या पाठीबद्दल लिहायची आम्हाला सवयच नाही. दोन चालकांचं आणि सीटचं स्वतंत्र कलम केलंय.

आता काय झालं ते सांगतो. निरीक्षक साहेबांना मी म्हटलं, कागदावरून ठरवू नका, दोन रात्री द्या. मुख्यालयात असलेल्या गाड्यांतली एक उंच, चौकटीवर बांधलेली डिझेल आणि एक बसकी पेट्रोल, अशा दोन काढल्या. नेहमीचाच राउंड, नेहमीचेच साहेब, नेहमीचाच चालक, मागे दोन अंमलदार पूर्ण सामानासकट. मी घरूनच, पण प्रश्नांची यादी माझी. किती वेळा चढ-उतार झाली, गाडी उभी असताना इंजिन किती मिनिटं चालू राहिलं, मागच्या सीटवरून माईक मिळाला का, होल्स्टर असताना पट्टा किती सेकंदांत लागला, मागे उघडलेल्या दाराखाली उभं राहून लिहिता आलं का, कुठल्या गल्लीत गाडी आत गेली नाही. चालकाला वेगळं बसवून विचारायचं, साहेबांसमोर नाही.

दोन गोष्टी मला अनपेक्षित होत्या. गाडी उभी असताना इंजिन चालू राहिल्याचा वेळ पहिल्या रात्री तीन तास दहा मिनिटं भरला. मी दोन धरून चाललो होतो. आणि मागच्या दाराचं: दार बाजूला उघडत असेल तर पावसात काही उपयोग नाही, वर उघडणाऱ्या दाराखाली दोन माणसं कोरडी उभी राहतात. बोलेरोसारख्या, बाजूला उघडणाऱ्या दाराच्या गाडीला मागून बाहेर ओढता येईल असा कापडी पडदा बसवावा लागेल. आमच्या गावात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे आहेत, ते करून देतील.

अभिप्राय असा गेलाय. घाट आणि वाड्यांच्या दोन उपविभागांना चौकटीवर बांधलेली, मागच्या चाकांची डिझेल, मागची आडवी बाकं काढून, त्या जागी खणांची पेटी, दुसरी बॅटरी, पायरी आणि दांडी. आठवड्यातून दोनदा हायवेवर अर्धा तास, लॉगबुकात छापील रकान्यासकट. बाजारपेठेच्या दोन उपविभागांना रुंदी १७५० मिलिमीटरच्या आतली पेट्रोल गाडी, सीएनजी नाही. चारही गाड्यांत सर्व माणसं पुढे तोंड करून, तीन बिंदूंचा पट्टा, मागून पोचणारा माईक, मागचा वायपर, छपराच्या मध्यावर अँटेना. बसवणुकीचा खर्च त्याच प्रस्तावात. हायवेचा भाग आमच्या निधीत बसत नाही, पण तिथे अपघात चाचणीत चांगले तारे असलेली गाडीच द्यावी असं शेवटी लिहिलंय. विजेची गाडी पुढच्या वर्षी एका शहरी उपविभागाला, बंदोबस्ताच्या दिवशी बदली गाडी देण्याच्या अटीवर.

गल्लीबोळ

काका, १७५० चा आकडा घातलात, फार बरं वाटलं. आरसे धरून की आरसे सोडून?

घाटवाट

बरं विचारलंत. कंपन्या रुंदी आरसे सोडून सांगतात. "आरसे मिटवता यावेत" हे राहिलं होतं. साहेबांना आत्ता फोन केला, पाकीट अजून टेबलावरच आहे. पेनाने भर घालतो म्हणाले.

तिसरी पाळी

आणि स्टेपनी? खाली टांगलेली असेल तर चिखलात झोपून काढावी लागते.

घाटवाट

तीही घालायला सांगतो. मागच्या दारावर किंवा आत.